गोष्ट कुणाच्या डोळ्यांनी सांगायची?

कथा ‘मी’मध्ये लिहू की ‘तो’मध्ये, असं विचारत कुणी आलं की मी उलट विचारते, तुमच्या कथेत दडलेलं काय आहे आणि ते कुणाकुणाला ठाऊक आहे? समोरचा जरा गोंधळतो. त्याला व्याकरणातलं उत्तर हवं असतं. पण दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचण्यात, समासात खुणा करण्यात आणि साभार परत पाठवण्यात माझा बराच काळ गेलाय. निवेदन फसतं तेव्हा प्रथमपुरुष घेतला की तृतीयपुरुष, हा मुद्दा क्वचितच असतो. ज्याच्या डोळ्यांनी वाचकाने सगळं बघायचं, तो माणूसच भलता निवडलेला असतो.

एक प्रसंग घेऊ. कचेरीत निरोप समारंभ चाललाय. अविनाश निवृत्त होतोय. पुढच्या रांगेत त्याची बायको सुधा बसली आहे. मागे दाराशी नितीन उभा आहे. नितीन नवा कारकून. जुन्या जमाखर्चाच्या वहीतलं एक पान फाडलेलं त्याला सकाळी दिसलं, आणि ते कुणी फाडलं असेल याचा अंदाजही आला. आता ती वही त्यानेच टेबलावर आणून ठेवली आहे, अविनाशला भाषण करताना दिसेल अशी. अविनाश बोलायला उभा राहतो, वही बघतो आणि अडखळतो.

अविनाशकडून हा क्षण असा येईल:

‘वही टेबलावर होती. लाल पाठीची, कोपरा दुमडलेली. तो कोपरा मीच दुमडला होता. मी माइक जवळ ओढला. “मित्रहो,” म्हणालो, आणि पुढचं वाक्य कुठे गेलं ते कळेना.’

सुधाकडून:

‘हे भाषणाला उभे राहिले की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेते. ऐकायचं काही उरलेलंच नसतं, आदल्या रात्री सगळं वाचून दाखवलेलं असतं. आज “मित्रहो”च्या पुढे काहीच येईना, तेव्हा मान वर केली. हे माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावर कसलीशी वही होती, तिच्याकडे बघत होते.’

आणि नितीनकडून, तृतीयपुरुषी:

‘साहेब थांबले. नितीनने दाराची कडी घट्ट धरली. बघितली. बघितली त्यांनी. आता उघडतील? छे, साहेब कसले उघडतायत, साहेब पाणी पितील. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला.’

घटनेत काडीचा फरक नाही, पण कथा तीन झाल्या. अविनाशची कथा अपराधाची. नितीनची कथा एका पोराच्या हातात अचानक आलेल्या ताकदीची, आणि ती वापरावी का या पेचाची. सुधाची कथा संसाराची आहे. ज्या माणसाचं भाषण आपल्याला पाठ आहे, तो माणूस आपल्याला ठाऊक नाही, हे तिला हळूहळू उमगत जाणार. यांतली कुठली कथा आपल्याला सांगायची आहे हे ठरलं, की ‘मी’ की ‘तो’ हा प्रश्न अर्धा सुटलेला असतो.

बहुतेक जण अविनाशला धरतात, कारण घडलंय ते त्याच्याच हातून. मला मात्र तिघांत तोच सगळ्यात गैरसोयीचा वाटतो. त्याला पहिल्या ओळीपासून सगळं माहीत आहे. मग लेखकापुढे दोनच वाटा उरतात. एक तर पान फाडल्याचं आधीच सांगून टाकायचं आणि पुढे त्याच्या मनाच्या उलाघालीवर कथा पेलायची. हे जमलं तर उत्तमच, पण जमवायला दम लागतो. नाहीतर ज्याच्या डोक्यात आपण बसलोय त्याच्याच मनातली गोष्ट वाचकापासून लपवायची. ‘त्याने पत्र उघडलं. वाचलं. त्याच्या पायाखालची जमीन सरकली.’ आणि पत्रात काय होतं ते शेवटच्या पानावर! अशी वाक्यं माझ्याकडे येणाऱ्या बाडांत हमखास असतात. वाचकाला ही लबाडी लगेच कळते. डोळ्यांनी पत्र वाचलंय आणि मनाने मात्र तोंड दाबून धरलंय, असं माणसाचं होत नाही.

लपवायचंच असेल तर ज्याला माहीत नाही त्याच्या डोळ्यांनी सांगा. शेरलॉक होम्सच्या गोष्टी वॉटसन सांगतो, त्यामागची सोय हीच आहे. होम्सला निम्म्यातच उलगडा झालेला असतो. वॉटसनला झालेला नसतो, म्हणून आपल्यालाही नाही, आणि यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. कॉनन डॉइलने होम्सच्या ५६ लघुकथा लिहिल्या. त्यांतल्या दोनच, दोन्ही १९२६ सालच्या, होम्स स्वतः सांगतो, आणि त्यांतल्या एकीत इथे वॉटसन हवा होता असं तोच म्हणतो. त्या दोन कथा वाचाच. सगळं कळलेल्या माणसाला गोष्ट रंगवताना काय कसरत करावी लागते ते तिथे उघड दिसतं.

म्हणून माझी पसंती बहुधा अशा पात्राला असते ज्याला अर्धंमुर्धं माहीत आहे आणि उरलेलं कळलं की ज्याचं सगळ्यात जास्त बिघडणार आहे. आपल्या प्रसंगात ती सुधा. नितीन दुसऱ्या क्रमांकावर. कथा त्याला धडा शिकवण्याची असेल तर पहिल्या.

आता ‘मी’कडे वळू. नवीन लिहिणाऱ्याला प्रथमपुरुषी निवेदन सोपं वाटतं, कारण बोलतो तसं लिहिता येतं. सुरुवात खरंच सोपी जाते. अडचण मागाहून येते. जिथे ‘मी’ हजर नाही तिथलं काहीच सांगता येत नाही. मग पात्रं दाराआडून संभाषणं ऐकू लागतात, नको तेव्हा पत्रं हाती लागतात, एखादी शेजारीण येऊन दोन पानं माहिती देऊन जाते. एका कथेत असं एकदा खपतं. दुसऱ्यांदा झालं की समजावं, निवेदक चुकीचा निवडलाय. स्वतःचं रूप सांगायचं म्हणून ‘मी’ला आरशापुढे उभं करण्याची खोड तर सोडाच. आरशात बघून ‘माझे टपोरे डोळे’ असं मनाशी म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

‘मी’ घेतलात की दोन गोष्टी लगेच ठरवा. एक, हा मी कधी बोलतोय? सुधा त्याच रात्री सांगतेय की अविनाश गेल्यानंतर कित्येक वर्षांनी? त्याच रात्रीच्या सुधाला वहीत काय होतं हेही माहीत नाही. पुष्कळ वर्षांनंतरच्या सुधाला सगळं कळून चुकलंय, आणि तिचा रागही निवलाय. तिच्या वाक्यांत ‘तेव्हा मला वाटलं’ आणि ‘आता वाटतं’ असे दोन सूर येणार. भोगणारी सुधा आणि सांगणारी सुधा यांच्यात जे अंतर पडतं, प्रथमपुरुषी निवेदनाची खरी मजा त्यातच असते. दोन, ती कुणाला सांगतेय? लेकीला सांगताना ती नवऱ्याला सांभाळून घेईल. मैत्रिणीला सांगताना घेणार नाही. हे वाचकाला कळवायची गरज नाही, पण तुम्हाला माहीत हवं, नाहीतर आवाज पानापानाला बदलतो.

मराठीत ‘मी’ची आणखी एक अट आहे, क्रियापद लगेच चुगली करतं. ‘मी गेलो’, ‘मी गेले’. पहिल्याच ओळीत बाई की पुरुष ते उघड. ते मुद्दाम झाकायचं असेल तर भाषा थोडी वाट देते. ‘मी दार उघडलं, खुर्ची ओढली, पत्र वाचलं’ यात क्रियापद दाराच्या, खुर्चीच्या, पत्राच्या मागे जातं आणि बोलणाऱ्याचा पत्ता लागत नाही. ‘मला वाटलं’, ‘मी जाईन’, ‘मी रोज लिहीत असे’ हेही चालतं. पण ‘मी बसलो’ म्हटलं की संपलं, आणि बोलणं, विसरणं, पिणं ही क्रियापदंही दगा देतात, कारण भूतकाळात ती कर्त्यालाच धरून चालतात. दोन पानं हा खेळ जमतो. पूर्ण कथा अशी रेटली की वाक्यं अवघडल्यासारखी चालतात, तेव्हा तसंच सबळ कारण असल्याशिवाय या फंदात पडू नये. याच्या उलट, हे क्रियापद फार मोठं कामही करून देतं. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’मध्ये यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. लिहिणारा पुरुष आहे, पण प्रत्येक ‘मी गेले’, ‘मी बसले’ वाचकाला बाईच्या जागी नेऊन बसवतं.

‘मी’ची एक पोटजात मला फार आवडते. सांगतो तो, पण गोष्ट त्याची नसते. ‘बनगरवाडी’ (१९५५) आठवा. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर सांगतो, आणि दिसते ती वाडी, तिथली माणसं. मास्तर बाहेरचा असल्यामुळे त्याला सगळं नवं दिसतं आणि वाचकासाठी वेगळी माहिती पुरवावी लागत नाही. नायक फारच मोठा, विक्षिप्त किंवा अबोल असेल तर त्याच्याजवळ असा एक साक्षीदार उभा करा.

तृतीयपुरुषी लिहायचं ठरलं, तर पुढचा प्रश्न अंतराचा. अमेरिकन कादंबरीकार जॉन गार्डनरने याची पायऱ्यापायऱ्यांनी मांडणी केली आहे. नितीनवर ती अशी उतरवता येईल:

‘दाराशी नव्याने लागलेला एक तरुण कारकून उभा होता.’

‘नितीनला समारंभांचा मनापासून कंटाळा होता.’

‘आता साहेब काय करतील, असं नितीनला वाटलं.’

‘आता काय करतील साहेब?’

पहिल्या वाक्यात आपण सभागृहाच्या छतापाशी आहोत, चौथ्यात थेट त्याच्या डोक्यात. अंतर कमी-जास्त करायला हरकत नाही, पण पहिलीवरून एकदम चौथीवर उडी मारलीत तर वाचक ठेचकाळतो. उतरत या. जवळ गेल्यावर ‘त्याने पाहिलं की’, ‘त्याच्या लक्षात आलं की’, ‘तिला जाणवलं की’ हे खांब उपटून टाका. ‘साहेबांचा हात थरथरतोय हे नितीनच्या लक्षात आलं’ याऐवजी ‘साहेबांचा हात थरथरत होता’ एवढं पुरतं. बघणारा नितीन आहे हे वाचक विसरलेला नसतो.

मराठी लिहिणाऱ्याने जिथे सगळ्यात जास्त डोळ्यांत तेल घालावं आणि जिथे सगळ्यात कमी घातलं जातं, ती जागा म्हणजे आदरार्थी बहुवचन. अविनाश उठला की अविनाश उठले? नितीनच्या डोळ्यांनी ‘साहेब उठले’. सुधाच्या तोंडी ‘हे उठले’, किंवा नव्या पिढीतली असेल तर ‘अविनाश उठला’. मुलीच्या नजरेतून ‘बाबा उठले’ किंवा ‘बाबा उठला’, आणि या दोन बाबांच्या घरांत केवढा फरक आहे! साहेबांबरोबर लागलेल्या जुन्या सहकाऱ्याला तो नुसता ‘अव्या’. म्हणजे एका क्रियापदावरून आपण कुणाच्या शेजारी उभे आहोत ते वाचकाला कळतं. नितीनच्या प्रकरणात मध्येच ‘अविनाशने ग्लास खाली ठेवला’ असं आलं की मी समासात फुली मारते, कारण त्या ओळीपुरता नितीन सभागृहातून निघून गेला आणि लेखक येऊन उभा राहिला. दृष्टिकोन घसरल्याची ही पहिली खूण, आणि शोधायलाही सगळ्यात सोपी. पात्रांना निवेदनात काय म्हणायचं याची यादी लिहायला बसण्यापूर्वी करून ठेवा. लेखनाच्या मधोमध ती बदलायची असेल, समजा वही सापडल्यावर नितीनच्या मनातले ‘साहेब’ जाऊन नुसता ‘तो’ उरायचा असेल, तर तो बदल ही कथेतली घटना आहे. ती जागा हेरून ठेवा आणि तिथेच करा.

दुसरी घसरण एका मनातून दुसऱ्या मनात उड्या मारण्याची. ‘सुधाला काळजी वाटली. अविनाशला मात्र तिची नजर टाळायची होती. हे बघून नितीनला खजील वाटलं.’ तीन वाक्यांत तीन डोकी. वाचक एकाशीही जोडला जात नाही. साधा नियम असा की एका प्रसंगात एकच मन घ्यावं आणि बदलायचं असेल तर जागा सोडून नवा प्रसंग सुरू करावा.

‘पण जुने लेखक तर सगळ्यांच्या मनात शिरायचे!’ हे मला नेहमी ऐकवलं जातं. शिरायचे, आणि हक्काने शिरायचे. टॉलस्टॉय ‘ॲना कॅरेनिना’त शिकारीला निघालेल्या लास्का नावाच्या कुत्रीच्याही मनात जाऊन येतो. पण तिथे सर्वसाक्षी निवेदक पहिल्या वाक्यापासून ठाण मांडून बसलेला असतो. त्याचा स्वतःचा एक आवाज असतो, मतं असतात, तो सुखी नि दुःखी कुटुंबांबद्दल बेधडक विधान करून सुरुवात करतो. त्याने आपल्याला कुठेही नेलं तरी हात त्याचाच धरलेला असतो. सर्वसाक्षी निवेदन जुनाट झालं असं मला मुळीच वाटत नाही. फक्त ते पहिल्या परिच्छेदात जाहीर करावं लागतं. चाळीस पानं सुधाच्या मनात काढून एकेचाळिसाव्या पानावर सोयीपुरतं नितीनच्या मनात डोकावणं म्हणजे सर्वसाक्षी निवेदन नव्हे.

कुणाच्याच मनात न शिरता नुसतं दिसलं-ऐकलं तेवढंच लिहिणं, हाही एक मार्ग. हेमिंग्वेची १९२७ सालची एक प्रसिद्ध कथा आहे, स्टेशनवर गाडीची वाट बघणारं एक जोडपं बोलत बसतं. त्यांच्यातला खरा विषय गर्भपाताचा, आणि तो शब्द कथेत एकदाही येत नाही. संवाद लिहिण्यावर हुकमत असेल तर करून बघा. लघुकथेत शोभतं, कादंबरीभर कोरडं पडतं.

‘तू’मध्ये लिहिण्याबद्दल थोडक्यात. मराठीत ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’ हे ठरवताच सांगणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं नातं ठरतं, आणि ‘तू उठलास’, ‘तू उठलीस’ म्हणताच ऐकणाऱ्याचं लिंगही. त्यामुळे वाचकालाच उद्देशून आहे असा भास टिकत नाही, एखादं पात्र दुसऱ्याशी बोलतंय असंच वाटतं. तसंच करायचं असेल तर छान. सुधाने मनातल्या मनात अविनाशला ‘तू’ म्हणत सगळं सुनावलं, तर त्या एकेरीतच निम्मी कथा आहे. ‘आम्ही’मधून अख्खी कचेरी बोलू शकते, आणि कुजबुज, अफवा, वहीबद्दलचे तर्क यांना तो आवाज फार शोभतो. तिथे ‘आपण’ चुकूनही येऊ देऊ नका. ‘आपण’मध्ये वाचकालाही कचेरीत ओढल्यासारखं होतं, ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवतं. फ्लोबेरने ‘मादाम बोव्हारी’ची सुरुवात वर्गातल्या मुलांच्या ‘आम्ही’ने केली आणि ते ‘आम्ही’ पुढे गुपचूप गायब झालं. फ्लोबेरला ते खपलं. आपल्याला खपेल याची मी हमी देणार नाही.

अनेक निवेदक घ्यायचा मोह कादंबरीत होतोच. मराठीत त्याची दोन ठळक उदाहरणं सगळ्यांनी वाचलेली असतात. ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात. ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण बोलतात. तुमच्या कादंबरीसाठी कसोटी अशी: प्रकरणावरचं नाव झाकून मधलाच एखादा परिच्छेद वाचा. कोण बोलतंय हे कळत नसेल तर तुमच्याकडे निवेदक अनेक नाहीत, नावं अनेक आहेत. आणि दुसरा निवेदक आला की त्याने पहिल्याला ठाऊक नसलेलं काही आणलंच पाहिजे. निरोप समारंभ तिघांच्या तोंडून तीनदा सांगितला आणि दरवेळी तेच कळलं, तर वाचक तिसऱ्या खेपेला पानं उलटतो.

इतकं करून दोन पर्यायांत अडकलात, तर लिहून बघण्याला पर्याय नाही. पण कथेची सुरुवात लिहून बघू नका. सुरुवात कुठल्याही निवेदनात बरी जमते. सगळ्यात अवघड प्रसंग निवडा, जिथे पात्रं एकमेकांसमोर आहेत आणि खोटं बोलतायत. त्याचं एकेक पान दोन्ही पद्धतींनी लिहा, आणि दुसरं लिहिताना पहिलं समोर ठेवू नका. मग दोन्ही पानं शेजारी ठेवा. ‘मी’च्या जागी ‘ती’ घालून क्रियापदं बदलली की पहिलं पानच दुसरं होत असेल, तर तुमच्या ‘मी’ला स्वतःचा आवाज नव्हता. तिथे तृतीयपुरुष घ्या, उगाच ‘मी’चे निर्बंध कशाला सोसायचे? पण एखाद्या पानात अशी वाक्यं सापडली जी दुसऱ्यात नेताच येत नाहीत, ‘ऐकायचं काही उरलेलंच नसतं’सारखी, तर ते पान घ्या.

सगळी कादंबरी लिहून झाल्यावर निवेदन बदलायची पाळी आली, तर संगणकावर शब्द शोधून बदलण्याच्या भानगडीत पडू नका. छापून घ्या आणि रंगीत पेन्सिल घेऊन बसा. ‘तिच्या नकळत’, ‘तिला कल्पना नव्हती की’, ‘तिचा चेहरा पांढराफटक पडला’, ‘तिच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली’ अशा प्रत्येक ठिकाणी रेघ ओढा. हे सगळं बाहेरून दिसणारं आहे. सुधाच्या आत बसल्यावर तिला स्वतःचा पांढरा चेहरा दिसत नाही, हातातली पर्स घट्ट धरल्याचं कळतं. पर्सची साखळी बोटांत रुतली, एवढंच लिहा. ज्या रेघेला असा पर्याय मिळणार नाही ते वाक्य काढून टाका. गाळलेली वाक्यं वेगळ्या फायलीत ठेवा, कारण त्यांतली काही नितीनची निघतात आणि नितीनला प्रकरण द्यायचं की नाही हे त्या फायलीच्या जाडीवरून ठरवता येतं.